साठ मिनिटांची मुदत

सकाळी सव्वाआठपर्यंत भिंगरीने वॉर्डातल्या पाण्याच्या नळापाशी सहा खेपा घातल्या होत्या आणि एकदाही ती पाणी प्यायली नव्हती. नळापर्यंत जायचं, पेला हातात घ्यायचा, घड्याळ बघायचं, पेला ठेवायचा आणि परत यायचं. बाबा पलंगावर हिरवा गाऊन घालून बसले होते आणि मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी तिच्या खेपा मोजत होते.

भिंगरी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण घरीदारी तेच चिकटलं होतं. ही पोरगी पाच मिनिटं एका जागी बसली तर कपाळाला हात लावून ताप बघायचा, असं तिची आई म्हणायची. आई आत्ता मोठ्या मुलीच्या बाळंतपणाला दूर गेली होती, त्यामुळे बाबांच्या ऑपरेशनची सगळी जबाबदारी भिंगरीवर आली होती. ती तिने चोख पार पाडली होती. कागद क्रमाने लावले होते, क्ष-किरणांचे फोटो तारखेनुसार पाकिटात घातले होते, गोळ्यांची चिठ्ठी दोनदा लिहिली होती. राहिलं होतं फक्त थांबणं, आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

बाबा शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी शाळांचे गणवेश बेतले, तेही उभ्याने, एका पायावर भार टाकून. त्या पायाच्या खुब्याचं हाड आता झिजून गेलं होतं. खुब्याचे मोठे डॉक्टर या हॉस्पिटलात महिन्यातून दोनच दिवस येत. चार महिने वाट पाहिल्यावर आजची तारीख मिळाली होती आणि वेळ होती नऊची. पण एक नियम होता. रोग्याच्या नावावर रक्ताच्या दोन पिशव्या राखून ठेवल्याचं उत्तर मध्यवर्ती रक्तपेढीकडून आल्याशिवाय त्याला पलंगावरून हलवायचं नाही. आणि बाबांचा गट होता ओ निगेटिव्ह, शंभरात कुठे एकदोघांना सापडणारा.

सिस्टर येऊन म्हणाली की रक्ताचं उत्तर अजून आलेलं नाही, खाली खिडकीवर जरा विचारून या.

"चाळीस वर्षं मी लोकांना परवा या, परवा या म्हणत आलो," बाबा म्हणाले. "आता ते सगळे वर बसून हसत असतील."

"सगळे काही वर गेलेले नाहीत, बाबा. काही अजून पँटची वाट बघतायत."

बाबांना हसू आलं, पण हसताना खुब्यात कळ आली असावी, कारण ते मधेच थांबले. भिंगरी जिन्याकडे धावली. लिफ्टची वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं.

रक्ताची खिडकी तळघरात होती. एक लांब टेबल, त्यावर जुना कॉम्प्युटर, मागे थंड कपाटांची घरघर, आणि खुर्चीत चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई. त्या कोणाला तरी फोन लावत होत्या, लागत नव्हता, पुन्हा लावत होत्या. भिंगरीने बाबांचा नंबर सांगितला. बाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

स्क्रीनवर लिहिलं होतं, "तुमची मागणी पोचली आहे. उत्तर तयार होत आहे. कृपया थांबा."

भिंगरी थबकली. हे वाक्य तिचंच होतं. नुसतं 'थांबा' उद्धट वाटतं म्हणून दोन दिवस डोकं खाजवून तिनेच ते लिहिलं होतं. मध्यवर्ती रक्तपेढीच्या कॉम्प्युटर विभागात तिला लागून चार महिने झाले होते.

"साडेसातपासून हेच," बाई म्हणाल्या. "केंद्राचा फोन लागत नाही. सगळी हॉस्पिटलं एकदमच लावत असणार. एक नवी मुलगी आलीये म्हणे तिथे, फार हुशार. तिने सगळं आपोआप सुरू होणारं केलं. आता आपोआप बंदही पडायला लागलंय."

रांगेतला एक माणूस हसला. भिंगरी हसली नाही. तिने विचारलं, आमची मागणी किती वाजता पाठवली? बाईंनी बघून सांगितलं, सात पन्नास. भिंगरीने घड्याळ पाहिलं. आठ वीस. म्हणजे तीस मिनिटं गेली होती आणि तीस उरली होती. हा हिशेब त्या तळघरात फक्त तिलाच करता येत होता, कारण साठ मिनिटांची मुदतही तिनेच घातली होती.

रक्तपेढीत पूर्वी असं होतं. साठा बघून पिशव्या राखून ठेवणारा प्रोग्रॅम एका म्हाताऱ्या मशीनवर रात्रंदिवस उघडा असायचा आणि रोज सकाळी कोणीतरी तो हाताने सुरू करायचा. नवं मशीन आल्यावर ठरलं की हॉस्पिटलाची मागणी आली की नेटवर्कच्या सॉफ्टवेअरने स्वतःच प्रोग्रॅमला उठवावं. त्यासाठी डझनभर रकाने भरायचे होते. प्रोग्रॅमचं नाव काय, तो कुठे ठेवलाय. एकाच प्रोग्रॅमने मागण्या एकामागून एक घ्यायच्या, की प्रत्येक मागणीला नवी प्रत सुरू करायची. भिंगरीने एकामागून एक हा पर्याय निवडला, नाहीतर दोन प्रती एकच पिशवी दोघांना देऊन बसतील. मागणीने किती वेळ ताटकळायचं? तिने साठ मिनिटं टाकली.

या मुदतीवरून तिचा आणि वायरमनचा वादही झाला होता. वायरमन म्हणजे तिचा साहेब. तरुणपणी त्याने इमारतीतली सगळी केबल स्वतः ओढली होती, तेव्हापासूनचं ते नाव. मर्यादा कशाला, राहू दे ना मागणी पडून, असं त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं, तासभर शिळी झालेली मागणी धोकादायक असते. तोवर रोगी दुसरीकडे गेलेला असतो आणि पिशवी मात्र त्याच्या नावावर अडकून राहते. तिने फळ्यावर आकडेसुद्धा मांडून दाखवले. वायरमनने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, बरं बाई, तुझं खरं.

आता राहिला शेवटचा रकाना. प्रोग्रॅम कोणाच्या नावाने सुरू व्हायचा, मशीनच्या की लॉग इन केलेल्या माणसाच्या? मशीनच्या नावाने केला तर तो पडद्यामागे मुकाट चालतो, दिसत नाही. माणसाच्या नावाने केला तर प्रत्येक मागणीला स्क्रीनवर छोटी विंडो उघडते. चाचणी करताना भिंगरीने दुसरा पर्याय घेतला आणि तिथे स्वतःचं नाव टाकलं, कारण तिला ते बघायचं होतं. कुठल्या तरी दूरच्या हॉस्पिटलात कोणी बटण दाबतं आणि इथे, कोणी हातही न लावता, विंडो उघडते, काम करते आणि मिटते. पहिल्या दिवशी ती तासभर नुसती बघत बसली होती, चक्क एका जागी. नंतर तो रकाना बदलायचा, असं तिने वहीत लिहिलं होतं. पण दहा दिवस सगळं झकास चाललं. चालणारच, कारण त्या मशीनवर दहाही दिवस, चोवीस तास तिचंच लॉग इन होतं.

आणि काल संध्याकाळी, रजेवर जाताना, नियमाप्रमाणे तिने लॉग आऊट केलं होतं. खुर्ची आत सरकवून, टेबल पुसून, अगदी शिस्तीत.

मागण्या येत होत्या, सॉफ्टवेअर प्रोग्रॅमला हाका मारत होतं, पण ज्या माणसाच्या नावाने त्याने उठायचं ते माणूसच तिथे नव्हतं. ते इथे तळघरात उभं होतं, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.

केंद्राचा फोन लागणार नव्हताच. तिने वायरमनचा स्वतःचा मोबाईल लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला आणि श्वास न घेता सांगायला लागला. आठला आलो, प्रोग्रॅम सुरूच होत नाही, रात्री दोन हॉस्पिटलांनी फोनवरून काम भागवलं ते कळलंच नाही, आता मशीन बंद करून पुन्हा चालू करतो, हात बटणावरच आहे.

"हात काढा," भिंगरी म्हणाली. "बंद करू नका. थांबलेल्या सगळ्या मागण्या त्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहेत. बंद केलं की एकही उरणार नाही."

मग तो म्हणाला, "काढला."

तिने त्याला काय झालं ते सांगितलं. रकाना बदलता येईल, पण बदल लागू व्हायला सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावं लागेल, म्हणजे पुन्हा तेच. एकच उपाय होता. तिच्या नावाने लॉग इन करायचं.

"मग पासवर्ड सांग."

भिंगरीने आजूबाजूला पाहिलं. बाई ऐकत होत्या. रांगेतला माणूस ऐकत होता. पण खरी अडचण त्यांची नव्हती. ती भिंतीकडे वळली आणि हळूच म्हणाली, "चहाबाज. इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं. पुढे तुमच्या केबिनचा नंबर."

वायरमन एका बोटाने टाईप करायचा. एकेक अक्षर पडल्याचा आवाज तिला ऐकू येत होता. चौथ्या अक्षरापाशी तो थांबला.

"हं," तो म्हणाला. "हे आपण नंतर बोलू." आणि टाईप करत राहिला.

मग, एंटर दाबण्याआधी, त्याने सवयीने शेजारच्या स्क्रीनवरची नोंद मोठ्याने वाचायला घेतली. सात मागण्या थांबलेल्या. त्यातली ओ निगेटिव्हची एकच, दोन पिशव्या, तुझ्याच हॉस्पिटलची. मुदत संपून गेलेल्या तीन. त्यातल्या दोन साध्या गटांच्या, त्यांना भरपूर साठा आहे, पुन्हा पाठवतील. एक सहा पंचावन्नची, स्त्रियांच्या हॉस्पिटलातली. ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या. स्त्री, वय चौतीस, शस्त्रक्रिया सकाळी साडेनऊ. सात पंचावन्नला रद्द झाली.

"ओ निगेटिव्हच्या किती आहेत आपल्याकडे?" भिंगरीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. काल निघताना तिनेच पाहिलं होतं.

"दोन."

"एंटर दाबू नका."

"आता काय?"

एंटर दाबलं की प्रोग्रॅम उठेल आणि रांगेतल्या सातही मागण्या पटापट निकालात काढेल. बाबांची मागणी रांगेत आहे. त्या चौतीस वर्षांच्या बाईची नाही. ती पंचावन्न मिनिटं आधी आली होती, तासभर दारात उभी राहिली आणि मग भिंगरीने ठरवलेल्या मुदतीला बाहेर टाकली गेली. उशिरा आलेला आत आहे आणि आधी आलेला बाहेर. प्रोग्रॅमला त्यात काही वावगं दिसणार नव्हतं, आणि इतर कोणालाही नाही. स्त्रियांच्या हॉस्पिटलाने पुन्हा मागितल्यावर तिथल्या खिडकीवर 'साठा नाही' असं उत्तर गेलं असतं आणि तिथल्या कोणी ते मुकाट्याने वर कळवलं असतं.

कदाचित त्या बाईचं ऑपरेशन पुढे ढकलण्यासारखं असेल. कदाचित नसेल. फोन करून विचारता आलं असतं, पण वायरमनने दुसऱ्या फोनवरून दोनदा लावून पाहिला, तो लागेना. ते लोकही केंद्रालाच लावत बसले असणार. आठ एकतीस.

"सांग पटकन," वायरमन म्हणाला. "बाकीचे सहा पण ताटकळतायत. तुझे वडील आहेत त्यात, मला माहीत आहे. तू म्हणशील तसं. मी काही पाहिलं नाही."

हे तो चांगुलपणाने म्हणाला, आणि त्यामुळेच जास्त टोचलं. तिने फोन कानाला तसाच ठेवला आणि टेबलापलीकडच्या बाईंना म्हणाली, "आमची मागणी मागे घ्या."

"काय?"

"सात पन्नासची. रद्द करा. त्या बटणाने होते."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली आणला. बटण कुठलं ते हिला कसं माहीत, हे त्यांच्या डोळ्यांत आलं, मग उमजलंही.

"वडील आहेत ना तुमचे? त्यांना विचारलंत?"

"नाही."

"वर जाऊन विचारून या. मी थांबते."

"बाकीचे थांबू शकत नाहीत," भिंगरी म्हणाली. ते खरं होतं. पण संपूर्ण खरं नव्हतं, हे तिला तेव्हाही कळत होतं.

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. मागणी मागे घेणाऱ्याची सही, नातं, कारण. भिंगरीने सही केली, नात्यापुढे मुलगी लिहिलं आणि कारणाची ओळ कोरी सोडली. बाईंनी बटण दाबलं. स्क्रीनवरचं तिचं लांबलचक वाक्य नाहीसं झालं.

"दाबा," ती फोनमध्ये म्हणाली.

मग वायरमन मोजायला लागला. एक उघडली, मिटली. दुसरी. तिसरी. लहान मुलाने फटाके मोजावेत तसा तो मोजत होता. सहाव्या विंडोनंतर त्याने स्त्रियांच्या हॉस्पिटलचा फोन पुन्हा लावला. या वेळी लागला, कारण खिडक्याखिडक्यांवर उत्तरं पोचायला लागली होती आणि फोन मोकळे होत होते. आठ सदतीसला त्यांची मागणी पुन्हा आली. विंडो उघडली, दोन पिशव्या राखल्या, मिटली. भिंगरीने बाईंना बाबांची मागणी पुन्हा पाठवायला सांगितली. उत्तर यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. साठा नाही. पुढचा साठा परवा अपेक्षित.

"वेगात तर आहे," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, ते ठरवता येत नव्हतं.

फोन ठेवण्याआधी तिने वायरमनला बजावलं की मी येईपर्यंत त्या मशीनला कोणी हात लावायचा नाही, स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवा. मग ती जिना चढली. या वेळी एकेक पायरी.

बाबांना तिने सगळं सांगितलं. पलंगाच्या कडेला बसून, पहिल्यापासून, रकाना, लॉग आऊट, मुदत, ती चौतीस वर्षांची बाई. काही गाळलं नाही, आपल्या बाजूने काही घातलं नाही. बाबांनी मधे एकच प्रश्न विचारला, डॉक्टर पुन्हा कधी येणार. सिस्टरने सांगितलं, पंधरा दिवसांनी, पण त्या दिवशीची यादी भरलेली आहे. त्यापुढची तारीख बघावी लागेल, म्हणजे निदान महिना. बाबा हं म्हणाले. गाऊन उतरवून त्यांनी आपला सदरा चढवला. बटणं लावताना त्यांची बोटं नेहमीसारखी झरझर चालत नव्हती.

घरी जाताना ते गाडीत खिडकीशी बसले. भिंगरीचे पाय गाडीच्या तळावर सारखे हलत होते, आणि एरवी त्यावरून तिला हटकणारे बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. बाबा कठड्याला धरून आधी चांगला पाय वर टाकायचे, मग दुसरा ओढून त्याच्या शेजारी आणायचे, मग थांबायचे. भिंगरी दोन पायऱ्या खाली, हात अर्धवट पुढे धरून चढत होती. त्यांना हात लावलेला आवडत नसे. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते भिंतीला टेकले. कपाळावर घाम होता.

"मला विचारायला हवं होतंस," ते म्हणाले.

"हो."

"विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो."

भिंगरी एक पायरी वर आली.

"खरं सांगतो. मोठा माणूस होऊन बोलत नाही. चार महिने ही कळ काढलीये. मी म्हणालो असतो, रांगेत आपण आहोत ना, मग झालं. त्यांचं ते बघतील."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, कापड उजेडात धरून आरपार बघावं तसं. राग गेला नव्हता. तो जायला महिना तरी लागेल, असं तिला वाटलं, कदाचित जास्तच. मग त्यांनी पुन्हा कठडा धरला.

"तुझ्या नावाने ते मशीन अजून चालू आहे?"

"हो."

"आणि कोणी चुकून बंद केलं तर?"

"चिठ्ठी लावायला सांगितलीये."

"चिठ्ठी," बाबा म्हणाले. तो एकच शब्द त्यांनी असा उच्चारला की चिठ्ठ्यांबद्दलचं त्यांचं चाळीस वर्षांचं मत त्यात आलं. "जा तू. किल्ली माझ्याकडे आहे. वर मी एकटा जाईन."

"एक जिना राहिलाय, बाबा."

"मला मोजता येतं. जा."

ती गेली नाही. वळणावरच उभी राहिली. वर पाय ठेवल्याचा आवाज, ओढल्याचा आवाज, मग शांतता. पुन्हा ठेवल्याचा, ओढल्याचा. मधे एकदा शांतता इतकी लांबली की तिने एक पायरी चढून पाहिली आणि परत उतरली. शेवटी किल्ली कुलपात फिरली, दार उघडलं आणि लागलं. तेव्हा कुठे भिंगरी वळली आणि दोन दोन पायऱ्या गाळत खाली धावली.